मागे फिरण्याचा हक्क

कॅलिफोर्नियातील योसेमिटी खोऱ्यात एल कॅपिटन नावाचा ग्रॅनाइटचा सरळसोट कडा आहे. त्याची उंची सुमारे ९०० मीटर. ३ जून २०१७ रोजी ॲलेक्स होनोल्ड हा अमेरिकी गिर्यारोहक अंगाला दोर न बांधता, केवळ बोटांच्या पकडीवर आणि बुटांच्या तळव्यांवर भिस्त ठेवून हा कडा चढून गेला. पायथ्यापासून माथ्यापर्यंत जायला त्याला ३ तास ५६ मिनिटे लागली. पाय निसटला असता तर दुसरी संधी नव्हती. या चढाईचे जगभर कौतुक झाले आणि ते योग्यच होते. मला मात्र तिच्या आधीची एक घटना अधिक मोलाची वाटते. २०१६च्या शरद ऋतूत त्याने हीच चढाई सुरू केली होती. काही अंतर वर गेल्यावर आपले चित्त आज थाऱ्यावर नाही हे त्याला जाणवले आणि तो मागे फिरला. त्याबद्दल कोणी त्याची मजुरी कापली नाही, उद्यापासून येऊ नकोस असेही कोणी सांगितले नाही. त्याने पुन्हा दोर लावून त्याच वाटेचा सराव केला, एकेक पकड पाठ केली आणि स्वतःला योग्य वाटले त्या दिवशी तो पुन्हा कड्याखाली येऊन उभा राहिला.

धाडसाविषयी आपण मोठ्या उत्साहाने बोलतो, पण त्यात मागे फिरण्याची ही मुभा सहसा जमेला धरली जात नाही. माझ्या मते सगळा प्रश्न तिथेच आहे. जगात जिवावर उदार होऊन कड्याच्या टोकाशी जाणारी थोडी माणसे आहेत आणि त्या टोकावर आणून ठेवलेली असंख्य माणसे आहेत. दोघांच्या पायाखालची दरी सारखीच खोल असते, दोघांच्या छातीतली धडधडही कदाचित सारखीच असेल. तरीही पहिल्याला आपण वीर म्हणतो आणि दुसऱ्याला लवचिक, कष्टाळू, परिस्थितीशी झुंजणारा अशी विशेषणे देऊन पुढे जातो. पहिल्याच्या गौरवाची भाषा दुसऱ्याला लागू करणे ही माझ्या दृष्टीने आजच्या सार्वजनिक चर्चेतली गंभीर चूक आहे. या भाषेमुळे लादलेली अस्थिरता निवडलेल्या साहसासारखी दिसू लागते, आणि ती दूर करण्याची जबाबदारी कोणाचीच उरत नाही.

साहसाला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. माणूस जोखीम घेतो म्हणूनच तो समुद्र ओलांडून गेला, म्हणूनच त्याने अनोळखी रोगांवरच्या लशी आधी स्वतःच्या अंगावर टोचून घेतल्या. १९९० साली स्टीफन लिंग या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने विमानातून उड्या मारणाऱ्यांच्या अनुभवावर आधारित एक विवेचन मांडले. ही माणसे बेफिकीर नसतात, असे त्याचे निरीक्षण होते. उलट, जिथे नियंत्रण सुटण्याची शक्यता सर्वाधिक असते तिथे ते टिकवून धरण्याचे कौशल्य त्यांना मोलाचे वाटते, आणि रोजच्या ठरावीक कामात न मिळणारे स्वतःवरचे स्वामित्व ती त्या काही क्षणांत अनुभवतात. मला हे पटते. पण याच विवेचनातून हेही निघते की निवडलेल्या जोखमीचा प्राण नियंत्रणात आहे. ७ ऑगस्ट १९७४ रोजी न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांमध्ये ताणलेल्या तारेवर सुमारे पाऊण तास चालणाऱ्या फिलिप पेती या फ्रेंच कलावंताने त्या तारेची तयारी जवळपास सहा वर्षे केली होती. तार किती जाड असावी, ती कुठे बांधावी, वाऱ्याने ती किती हलेल, या सगळ्याचा विचार त्याने केला होता.

मराठीत 'तारेवरची कसरत' हा शब्दप्रयोग आपण सहसा कलावंतासाठी वापरत नाही. अपुऱ्या मिळकतीत महिना काढणाऱ्या माणसासाठी वापरतो. त्या माणसाने तार निवडलेली नसते, तिची जाडी त्याला ठाऊक नसते, ती कोण कधी सैल करील हेही त्याला कोणी सांगत नाही. फ्रँक नाइट या अर्थशास्त्रज्ञाने १९२१ मध्ये जोखीम आणि अनिश्चितता यांच्यात एक भेद केला होता. ज्या संकटाची शक्यता मोजता येते ती जोखीम, आणि जिथे शक्यता मोजायलाही आधार नसतो ती अनिश्चितता. त्याने हा भेद उद्योजकाच्या नफ्याचा उगम समजावून घेण्यासाठी केला होता, पण श्रमिकाच्या आयुष्यालाही तो नेमका लागू पडतो. गिर्यारोहक जोखीम घेतो. हातावर पोट असलेला माणूस अनिश्चिततेत राहतो. जोखमीची तयारी करता येते, विमा उतरवता येतो, सराव करता येतो. अनिश्चिततेत फक्त वाट पाहता येते.

ही वाट पाहणे म्हणजे काय, ते मी जवळून पाहिले आहे. माझ्या परिचयातील एक स्त्री एका मोठ्या गोदामात पाळीने काम करते. उद्या काम आहे की नाही हे तिला आदल्या रात्री फोनवर येणाऱ्या संदेशातून कळते आणि कधी कधी तोच संदेश पहाटे रद्द होतो. तोपर्यंत तिने मुलाला शेजारी ठेवण्याची व्यवस्था केलेली असते आणि स्वतः आवरून बसलेली असते. तिच्या उशाशी फोन चार्जरला लावलेला असतो आणि तो कधीही आवाज बंद करून ठेवलेला नसतो. गेल्या वर्षी तिची दाढ तीन महिने दुखत होती. उपचाराचा खर्च तिने कसाबसा बाजूला काढून ठेवला होता. अडचण तारखेची होती. दवाखान्यातून पुढच्या आठवड्यातला दिवस विचारला जाई, आणि पुढच्या आठवड्यातला कोणताही दिवस आपला आहे असे तिला सांगता येत नसे. आलेले काम एकदा नाकारले की पुढचे बोलावणे उशिरा येते, असा तिथल्या सगळ्यांचा अनुभव होता. शेवटी दाढ काढावीच लागली. आपण गरिबीबद्दल बोलतो तेव्हा पैशांबद्दल बोलतो. पण अस्थिरतेने आधी तिचा मंगळवार हिरावून घेतला होता, पैसा त्यानंतरचा.

वेळेवरचा हा ताबा गेला की विचार करण्याची शक्तीही कमी होते, याला संशोधनाचा आधार आहे. २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तामिळनाडूतील ऊस उत्पादक शेतकऱ्यांची बौद्धिक चाचणी दोनदा घेण्यात आली: एकदा तोडणीपूर्वी हात आखडलेला असताना आणि एकदा ऊस जाऊन पैसे हाती आल्यावर. माणसे तीच होती, पण तंगीच्या दिवसांत त्यांची कामगिरी लक्षणीयरीत्या खालावलेली होती. चणचणीची चिंता मनाचा जो भाग व्यापून बसते, तो इतर कशासाठीही मोकळा राहत नाही, असा संशोधकांचा निष्कर्ष होता. काठावर जगणाऱ्या माणसाने घेतलेला एखादा चुकीचा निर्णय दाखवून 'यांना नियोजनच जमत नाही' असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. कड्याच्या टोकावर उभा असलेला माणूस पायाकडेच पाहील, क्षितिजाकडे पाहणार नाही.

असे जगणे ही काही मूठभरांची अडचण नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१८च्या अहवालानुसार जगातील काम करणाऱ्यांपैकी ६१ टक्के, म्हणजे सुमारे २०० कोटी माणसे अनौपचारिक रोजगारात होती. लेखी करार, आजारपणाची रजा, निवृत्तिवेतन, अपघाताची भरपाई यांपैकी बहुतेक गोष्टी त्यांच्या वाट्याला येत नाहीत. याच संघटनेच्या २०२४च्या अहवालात एक दिलासादायक नोंद आहे: सामाजिक सुरक्षेचा किमान एक तरी लाभ मिळणाऱ्यांचे प्रमाण प्रथमच जगाच्या लोकसंख्येच्या निम्म्यापलीकडे, ५२.४ टक्क्यांवर गेले. पण उरलेल्यांची संख्या ३८० कोटी आहे. एवढ्या लोकांच्या बाबतीत एक आजारपण, एक अपघात किंवा एक बुडालेला हंगाम घर मोडायला पुरेसा असतो. स्थिर जीवन हा नियम आणि काठावरचे जीवन हा अपवाद असे आपण गृहीत धरतो, पण आकडे तसे सांगत नाहीत.

निवडलेली आणि लादलेली जोखीम शेजारी शेजारी पाहायची असेल तर एव्हरेस्टकडे पाहावे. नेपाळच्या बाजूने शिखराकडे जाताना खुंबूचा हिमप्रपात ओलांडावा लागतो. बर्फाचे प्रचंड सुळके तिथे सतत सरकत असतात आणि केव्हाही कोसळू शकतात. पैसे भरून आलेला गिर्यारोहक एका मोहिमेत तो मोजक्याच वेळा ओलांडतो. त्याचे तंबू, दोर आणि प्राणवायूच्या नळकांड्या वर नेणाऱ्या कामगारांना मात्र तो पुनःपुन्हा, पाठीवर ओझे घेऊन ओलांडावा लागतो. १८ एप्रिल २०१४ रोजी तिथे हिमकडा कोसळून १६ जण मरण पावले आणि ते सगळे नेपाळी कामगार होते. अंत्यसंस्कारासाठी सरकारने प्रत्येक कुटुंबाला ४० हजार नेपाळी रुपये देऊ केले, तेव्हा कामगारांनी त्या हंगामात पुढे काम करण्यास नकार दिला. डोंगर एकच, बर्फ तेच. पण एकाच्या लेखी ते आयुष्यभर सांगायचे साहस होते आणि दुसऱ्याच्या लेखी मुलांच्या शाळेची फी. दुसऱ्यांदा हिमप्रपातात पाऊल टाकताना 'आज नको' म्हणण्याची मुभा पहिल्याला होती. दुसऱ्याला ती सगळ्यांनी एकत्र येऊन, १६ मृत्यूंनंतर मिळवावी लागली.

काठावर ठेवलेल्यांचे धैर्य खरे नसते असे मी म्हणत नाही. ते खरे असते, कित्येकदा गिर्यारोहकाच्या धैर्यापेक्षा अधिक चिवट असते, कारण ते रोज सकाळी नव्याने गोळा करावे लागते. माझा आक्षेप त्या धैर्यावर विसंबून राहणाऱ्या व्यवस्थेला आहे. २०२० साली साथीच्या काळात अनेक देशांत लोकांनी खिडक्यांत आणि सज्जांत उभे राहून परिचारिकांसाठी, सफाई कामगारांसाठी, माल पोहोचवणाऱ्यांसाठी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मनापासून होत्या याबद्दल मला शंका नाही. पण ज्यांना 'अत्यावश्यक' म्हटले गेले त्यांच्यातल्या पुष्कळांना आजारी पडल्यावर पगारी रजा नव्हती. ताप अंगावर काढून कामावर जाणे किंवा घरी राहून त्या दिवसाची मिळकत गमावणे, एवढीच निवड त्यांच्यापुढे होती. अशा माणसाला वीर म्हटल्याने त्याला रजा मिळत नाही.

आता पडणाऱ्याला झेलणाऱ्या जाळ्याकडे वळतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाचे बांधकाम १९३३ मध्ये सुरू झाले, तेव्हा अशा कामांत दर दहा लाख डॉलर खर्चामागे एक माणूस मरणार असा उद्योगातला रूढ हिशेब होता. हा पूल साडेतीन कोटी डॉलरचा. मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉस याने हा हिशेब निमूट मान्य केला नाही. कामगारांना डोक्यावर शिरस्त्राण घालणे सक्तीचे करण्यात आले आणि पुढे पुलाच्या खाली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, दोरांचे एक जाळे टांगण्यात आले. त्याला १ लाख ३० हजार डॉलरच्या आसपास खर्च आला. त्या जाळ्यात पडून १९ माणसे वाचली. जे वाचले त्यांनी आपल्या टोळक्याला 'नरकाच्या अर्ध्या वाटेवरून परतलेले' अशा अर्थाचे नाव दिले होते. खाली जाळे आहे हे माहीत झाल्यावर माणसांची पावले अधिक मोकळेपणाने पडू लागली आणि कामालाही वेग आला, असे या बांधकामाबद्दल सांगितले जाते. त्यात मला काही नवल वाटत नाही. खाली पडण्याची भीती ज्याच्या मनातून गेली, त्याचे लक्ष हातातल्या खिळ्याकडे जाते.

जाळ्यामुळे माणूस आळशी होतो, बेफिकीर होतो, या आक्षेपाला माझे पहिले उत्तर तिथेच आहे. दुसरे उत्तर अधिक अप्रिय आहे. आधुनिक जगातले सर्वांत भक्कम जाळे आपण गरिबांसाठी विणलेलेच नाही. १८५५ साली ब्रिटनमध्ये मर्यादित दायित्वाचा कायदा झाला. त्याअन्वये कंपनी बुडाली तर भागधारकाचे नुकसान त्याने घातलेल्या भांडवलापुरते मर्यादित राहू लागले. त्याचे घर, शेती, दागिने यांवर धनको हात टाकू शकत नव्हते. अशा संरक्षणाने व्यापारी बेजबाबदार होतील, असा आक्षेप त्याही काळात घेतला गेला होता. तरीही जगाने ही कल्पना स्वीकारली, कारण सर्वस्व गमावण्याची भीती असेल तर नवा उद्योग काढायला कोणी धजावणार नाही हे सर्वांना पटले. म्हणजे संरक्षण दिल्याने माणूस धाडस करतो, हे तत्त्व भांडवलाच्या बाबतीत आपण पावणेदोनशे वर्षांपूर्वीच मान्य केले आहे. तेच तत्त्व श्रमाच्या बाबतीत मांडले की आपल्याला आळस आठवतो. हा दुटप्पीपणा आहे, आणि त्याला दुसरा सौम्य शब्द मला सापडत नाही.

२००८ मध्ये तर याची परिसीमा झाली. ज्या वित्तसंस्थांनी इतरांच्या पैशांवर अवाढव्य जोखीम घेतली होती त्या कोसळू लागल्या. १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्सने दिवाळे जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी एआयजी या विमा कंपनीला वाचवण्यासाठी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने ८,५०० कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. ३ ऑक्टोबरला ७०,००० कोटी डॉलरच्या मदतीचा कायदा झाला. व्यवस्था कोसळू नये म्हणून हे करावे लागले, हा युक्तिवाद मी समजू शकतो, बहुतांशी मान्यही करतो. पण त्याच संकटात ज्यांची घरे लिलावात गेली त्यांना 'तुम्ही झेपेल एवढेच कर्ज घ्यायला हवे होते' असे ऐकवले गेले. ज्याने कडा निर्माण केला त्याच्याखाली जाळे होते, आणि जो नकळत त्या कड्यावर जाऊन पोहोचला त्याच्याखाली नुसते उपदेश होते.

खर्चाचा आक्षेप मात्र गांभीर्याने घ्यावा लागतो. जाळे विणायला पैसा लागतो, तो करातून येतो, आणि ज्या देशांत बहुसंख्य माणसे अनौपचारिक काम करतात तिथे कर गोळा करणेच अवघड असते. मी हे नाकारत नाही. पण इतिहास असे सांगतो की ही जाळी सुबत्ता येईपर्यंत थांबून विणली गेली नाहीत. जर्मनीत बिस्मार्कने १८८३ मध्ये आजारपणाचा विमा, १८८४ मध्ये अपघात विमा आणि १८८९ मध्ये वृद्धत्वाचा विमा आणला, तेव्हा तो देश आजच्या अनेक विकसनशील देशांपेक्षा श्रीमंत नव्हता. बिस्मार्कचा हेतूही करुणेचा नव्हता. कामगारांना समाजवाद्यांपासून दूर ठेवायचे होते. मला हा तपशील बोलका वाटतो. कठोर, हिशेबी राज्यकर्त्यालाही हे कळले होते की ज्यांना गमावण्यासारखे काही उरत नाही त्यांच्या असंतोषाची किंमत विम्याच्या हप्त्यापेक्षा जास्त असते. आजच्या राजकारणात अस्थिर माणसाचा राग त्याच्याहून अस्थिर असलेल्या माणसाकडे, म्हणजे स्थलांतरिताकडे किंवा शेजारच्या वस्तीकडे वळवला जातो आणि मते मिळवली जातात. ही किंमत कुठल्याही अंदाजपत्रकात दिसत नाही, पण ती आपण चुकवतच असतो.

मदतीने माणूस काम सोडून देतो का, हेही पडताळून पाहिले गेले आहे. फिनलंडने २०१७ आणि २०१८ या दोन वर्षांत २,००० बेरोजगारांना दरमहा ५६० युरो कोणत्याही अटीविना दिले. काम मिळाले तरी ही रक्कम बंद होणार नव्हती. रोजगारात मोठी वाढ झाली नाही, जी झाली ती थोडीच होती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण घटही झाली नाही. शिवाय रक्कम मिळणाऱ्यांनी कमी ताण आणि भविष्याबद्दल अधिक विश्वास नोंदवला. या प्रयोगावरून बिनशर्त उत्पन्न हाच एकमेव उपाय आहे असे मी म्हणणार नाही. दोन वर्षांच्या प्रयोगावर एवढे ओझे टाकता येत नाही. तरी आळसाचा जो धाक सतत दाखवला जातो, त्याला इथे आधार मिळाला नाही, एवढे नक्की.

लवचिक काम अनेकांना हवेच असते, हा युक्तिवादही खोटा नाही. शिकणारा तरुण, घरी आजारी माणूस असलेली स्त्री, दोन कलांमध्ये जीव अडकलेला माणूस, यांना आठ तासांची ठरीव नोकरी नको असू शकते. पण लवचिकता आणि असुरक्षितता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या एकाच गाठोड्यात बांधून विकल्या जातात हे आपण ओळखले पाहिजे. न्यूझीलंडने २०१६ मध्ये कायदा करून कामगाराने हाताशी थांबावे पण त्याला कामाची वा मोबदल्याची हमी नसावी, असे करार बंद केले. पाळी ऐनवेळी रद्द केली तर पूर्वसूचना किंवा भरपाई देण्याची तरतूदही केली. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२१ रोजी निकाल दिला की उबरचे चालक हे स्वतंत्र व्यावसायिक नसून कामगार आहेत आणि किमान वेतन व पगारी रजा हा त्यांचा हक्क आहे. दोन्ही देशांत लवचिक काम संपले नाही. फक्त अनिश्चिततेची किंमत ती निर्माण करणाऱ्याच्या खात्यावर थोडीफार गेली. माझा आग्रह याच दिशेचा आहे: आजारपण, अपघात, वृद्धत्व आणि बेकारी यांविरुद्धचे संरक्षण नोकरीच्या प्रकाराला न चिकटवता माणसाला चिकटलेले असावे, तो मालक बदलो, शहर बदलो की दिवसाला तीन ठिकाणी काम करो.

जाळे सर्वशक्तिमान नसते, हेही गोल्डन गेटच्याच कथेत आहे. १७ फेब्रुवारी १९३७ रोजी कित्येक टन वजनाचा एक मचाण निखळून जाळ्यावर पडला. जाळे माणसे पेलण्यासाठी विणले होते, मचाण पेलण्यासाठी नव्हे. ते फाटले आणि १० जण खाली समुद्रात पडून मेले. तोवरच्या चार वर्षांत त्या पुलावर एकच मृत्यू झाला होता. म्हणून माणसाला झेलणारे जाळे आणि मचाण मुळात कोसळू न देणारी तपासणी, या दोन्ही गोष्टी लागतात. विमा भरला म्हणून धोकादायक इमारतीत माणसे पाठवता येत नाहीत.

आणि पाठवली तर काय होते, हे ढाक्याजवळच्या सावर येथे २४ एप्रिल २०१३ रोजी दिसले. राणा प्लाझा या आठमजली इमारतीच्या भिंतींना आदल्या दिवशी मोठाल्या भेगा पडल्या होत्या. खालच्या मजल्यावरच्या बँकेने आपल्या कर्मचाऱ्यांना घरी पाठवले. दुकाने बंद राहिली. वरच्या मजल्यांवरच्या कपड्यांच्या कारखान्यांतील कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी आत जाण्यास सांगण्यात आले. अनेकांनी बाहेर थांबून का कू केली, तेव्हा महिन्याचा पगार अडवून ठेवण्याची धमकी देण्यात आली. सकाळी नऊच्या सुमारास वीज गेली, वरचे जड जनरेटर सुरू झाले, इमारत थरथरली आणि कोसळली. १,१०० हून अधिक माणसे मेली, त्यांत बहुसंख्य तरुण स्त्रिया होत्या.

त्या सकाळी धोका सगळ्यांनाच दिसत होता, म्हणून या घटनेला अज्ञानामुळे झालेला अपघात म्हणता येत नाही. कायद्याचाही तुटवडा नव्हता. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८१च्या १५५ क्रमांकाच्या कराराचे १३वे कलम सांगते की, जिवाला तातडीचा आणि गंभीर धोका आहे असे वाजवी कारणाने वाटल्यास काम सोडून बाहेर पडणाऱ्या कामगाराला त्याचे दुष्परिणाम भोगावे लागता कामा नयेत. होनोल्ड २०१६ मध्ये जे करू शकला, ते करण्याचा हा श्रमिकाचा हक्क आहे. राणा प्लाझानंतर झालेल्या सुरक्षा करारात बांगलादेशच्या वस्त्रकामगारांना तो स्पष्ट शब्दांत देण्यात आला, आणि २०२२ मध्ये सुरक्षित व निरोगी कामाची जागा हा कामगारांचा मूलभूत हक्क असल्याचे संघटनेने मान्य केले. पण जो माणूस एका दिवसाच्या मजुरीवर उद्याचा दिवस काढतो, त्याला हा हक्क वापरणे परवडले पाहिजे. मागे फिरल्यावर त्याच्या घरी चूल पेटती राहील याची व्यवस्था हक्काबरोबरच उभी करावी लागते, नाहीतर तो हक्क सुस्थित माणसाच्याच कामी येतो. २४ एप्रिलच्या सकाळी त्या दारासमोर थांबलेल्या कामगारांपैकी प्रत्येकाला भिंतीतली भेग दिसत होती. बांगलादेशातील वस्त्रोद्योगात तेव्हा किमान वेतन महिन्याला ३,००० टका होते, आणि तेवढी रक्कम बुडणार नाही अशी हमी देणारे त्यांच्यापाठी कोणी नव्हते.